प्रकल्प नोंदी : २० टनी प्रेसवरचा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह आणि पीएलसीचा ॲनालॉग संदेश

३ जून, भांडुप पश्चिम

आज गाळ्यात जाऊन प्रेसची संपूर्ण पाहणी केली. स्टीलच्या डब्यांची झाकणे बनवणारा हा २० टनी हायड्रॉलिक प्रेस असून रॅमची, म्हणजे वर-खाली होणाऱ्या दट्ट्याची, दिशा साध्या चालू-बंद सोलेनॉइड व्हॉल्व्हने बदलते. रॅम पूर्ण वेगाने खाली येतो, डायवर (साच्यावर) आदळतो आणि दाब सुटताना सगळी पाइपलाइन झटका खाते. पॉवर पॅकमधून, म्हणजे पंप आणि टाकीच्या संचातून, निघालेला प्रेशर होज फ्रेमच्या अँगलला जिथे लागतो तिथला हिरवा रंग बोटभर लांबीत उडाला असून खालचे लोखंड नव्या नाण्यासारखे चकाकते आहे, आणि होजचे बाहेरचे रबरही त्याच जागी झिजून आतली जाळी दिसू लागली आहे. झाकणाच्या काठावर सुरकुती पडते ही मालकांची तक्रार आहे. माझ्या दृष्टीने मात्र तो होज हीच अधिक गंभीर गोष्ट आहे. होज बदलायला सांगितले आणि अँगलच्या उघड्या पडलेल्या भागाला रंगाचा नवा हात देऊन ठेवला, म्हणजे काम झाल्यावर झटका खरोखर गेला की नाही हे त्या रंगावरूनच कळेल.

मोजमापे अशी आहेत. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, १२५ मिमी आणि रॉड ९० मिमी, म्हणजे पिस्टनच्या बाजूचे क्षेत्रफळ १२२.७ चौ. सेंमी आणि रॉडच्या बाजूचे ५९.१ चौ. सेंमी, हे प्रमाण जवळजवळ दोनास एक भरते. पंप मिनिटाला ३० लिटरचा असून जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह १६० बारवर लावलेला आहे. स्ट्रोक ३०० मिमी. या हिशोबाने रॅम सेकंदाला ४१ मिमी वेगाने उतरतो आणि ८५ मिमी वेगाने वर जातो. रॅमचे वजन सुमारे अर्धा टन आहे आणि ते तोलण्यासाठी रॉडच्या बाजूला काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह आधीपासूनच बसवलेला आहे, ही चांगली गोष्ट.

हवे ते इतकेच आहे की रॅम वेगाने यावा, डायच्या वर २० मिमी अंतरावर हळू व्हावा, सेकंदाला ८ मिमी वेगाने झाकण ओढावे आणि वर जाताना थांब्यावर अलगद थांबावा. त्यासाठी चालू-बंद व्हॉल्व्हच्या जागी प्रपोर्शनल, म्हणजे संदेशाच्या प्रमाणात कमी-जास्त उघडणारा, व्हॉल्व्ह बसवायचा आणि त्याला पीएलसीकडून, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाकडून, ॲनालॉग (सलग कमी-जास्त होणारा) संदेश द्यायचा.

५ जून

संदेश कोणता वापरायचा याचा निर्णय आज घेतला. गाळ्यातील पॅनलमध्ये सीमेन्सचा एस७-१२०० हा पीएलसी आहे, त्याला एसएम १२३२ हे ॲनालॉग आउटपुट मॉड्यूल जोडणार आहे. मालकांच्या इलेक्ट्रिशियनने एक अत्यंत रास्त प्रश्न विचारला, की मॉड्यूलच्या दोन तारा थेट व्हॉल्व्हच्या कॉइलला का जोडू नयेत. मॉड्यूल जास्तीत जास्त २० मिलिअँपिअर देऊ शकते, तर कॉइलला स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकून तेलाची वाट उघडणारा दांडा, ढकलण्यासाठी अँपिअरच्या मापात करंट लागतो. म्हणून मधे ॲम्प्लिफायर हवाच. मॉड्यूल केवळ किती उघडायचे ते सांगते, ताकद ॲम्प्लिफायर देतो, आणि कॉइलला मिळणारा करंट सतत बारीक थरथरता ठेवून स्पूल आपल्या जागी चिकटणार नाही याचीही काळजी तोच घेतो. आपण मागवलेल्या व्हॉल्व्हच्या अंगावरच हे इलेक्ट्रॉनिक्स बसवलेले असून स्पूलची प्रत्यक्ष जागा मोजणारा सेन्सरही त्यात आहे.

उणे १० ते अधिक १० व्होल्ट की ४ ते २० मिलिअँपिअर, यावर बराच विचार केला. करंटच्या संदेशात मध्यबिंदू १२ मिलिअँपिअरवर येतो आणि तार तुटली तर शून्य मिलिअँपिअर दिसल्यामुळे ती तुटल्याचे लगेच कळते. व्होल्टेजच्या संदेशात तार तुटली तरी व्हॉल्व्हला शून्य व्होल्टच दिसतो, म्हणजे रॅम गुपचूप थांबतो आणि कारण कळत नाही. तरीही इथे व्होल्टेज घेतले, कारण मागवलेला व्हॉल्व्ह त्याच प्रकारचा मिळाला आणि अंतर अवघे १२ मीटर आहे. तार तुटल्याची खूण मिळावी म्हणून स्पूलच्या जागेचा परतीचा संदेश पीएलसीत आणायचा आणि आज्ञेशी ताडून पाहायचा, असे ठरवले.

८ जून

आजचा पूर्ण दिवस तेलाला दिला. नागदेवी स्ट्रीटवरून फ्लशिंग प्लेट आणि नव्या सील्स आणल्या, व्हॉल्व्हच्या जागी प्लेट बसवली आणि नव्या १० मायक्रॉन फिल्टरमधून तेल सहा तास फिरवले. जुन्या व्हॉल्व्हला चालून जाणारा कचरा प्रपोर्शनल व्हॉल्व्हच्या स्पूलला चालत नाही. टाकीच्या तळाशी चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ निघाला, तो पूर्ण पुसून काढला. मालकांना हा दिवस वाया गेल्यासारखा वाटला, परंतु तेल साफ न करता नवा व्हॉल्व्ह बसवायला मी तयार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले.

१० जून

व्हॉल्व्ह बसवला. नाममात्र क्षमता ३२ लिटर, आणि सिलिंडरच्या प्रमाणाला जुळणारा दोनास एकचा स्पूल. जोडणी सहा अधिक एक पिनांच्या गोल कनेक्टरची आहे : ए आणि बी वर २४ व्होल्टचा पुरवठा, डी आणि ई वर आज्ञा, एफ वर स्पूलची जागा. केबलमध्ये एक कोअर कमी पडली, म्हणून ई पिन कनेक्टरमध्येच बी ला, म्हणजे पुरवठ्याच्या शून्याला जोडली. दोन्ही शून्ये पॅनलमध्ये शेवटी एकाच पट्टीवर येत असल्याने फरक पडू नये.

पीएलसीत १० व्होल्ट म्हणजे २७६४८ आणि उणे १० म्हणजे उणे २७६४८. टक्केवारीतली आज्ञा नॉर्म आणि स्केल या दोन सूचनांनी या आकड्यात बदलली आणि तो आकडा दर १० मिलिसेकंदांनी चालणाऱ्या ओबी ३० या प्रोग्रामच्या भागात आउटपुटला लिहिला, कारण मुख्य चक्राचा कालावधी कमी-जास्त होत राहिला तर रॅम्पलाही, म्हणजे वेगाच्या सावकाश चढ-उतारालाही, धक्के बसतात. पंप बंद ठेवून शून्य आज्ञेवर मल्टीमीटर लावला, शून्य व्होल्ट दाखवले. वर-खाली दोन्ही दिशांचे चिन्हही बरोबर आहे.

१२ जून

पंप सुरू करून वेगाचा आलेख काढला. ५ टक्क्यांनी आज्ञा वाढवत नेली आणि प्रत्येक वेळी २०० मिमी अंतराला लागलेला वेळ पीएलसीकडूनच मोजून घेतला. सकाळी तेल ३२ अंश होते, दुपारी ५१ अंशांवर गेले. आकडे दुपारचेच धरले, कारण प्रेस दिवसभर त्याच तापमानाला चालणार आहे.

खाली येताना १७ टक्क्यांपर्यंत रॅम हललाच नाही. मग २० टक्क्यांना सेकंदाला ८ मिमी, २५ ला २० मिमी, ३० ला ३२ मिमी आणि ३३ च्या जरा पुढे ४१ मिमी. त्यानंतर ४० टक्के दिले तरी ४१, ६० दिले तरी ४१, १०० दिले तरी ४१. वर जाताना हालचाल १३ टक्क्यांनाच सुरू झाली. दोन दिशांमधला हा फरक स्पूलच्या घडणीतला असावा, अशी नोंद करून पुढे गेलो.

सुरुवातीच्या मेलेल्या जागेचे, म्हणजे डेड बँडचे, आश्चर्य वाटले नाही. मधल्या स्थितीत गळती कमी राहावी म्हणून स्पूलच्या कडा व्हॉल्व्हच्या अंगातल्या कडांवर मुद्दाम चढवलेल्या असतात. चिंता आहे ती ३३ टक्क्यांपुढच्या सपाट रेषेची. म्हणजे रॅमचा सगळा वेग आज्ञेच्या अवघ्या १६ टक्क्यांत कोंबला गेला आहे, आणि २० टक्क्यांच्या आसपास एका टक्क्याचा फरक पडला की वेग सेकंदाला अडीच मिमीने बदलतो. ८ मिमीचा वेग अशा परिस्थितीत स्थिर ठेवता येणार नाही.

१३ जून

रात्री लोकलमध्ये बसून हिशोब मांडला आणि सकाळी गेज लावून तो ताडून पाहिला. व्हॉल्व्हवर लिहिलेली ३२ लिटर ही क्षमता स्पूलच्या एका कडेवर ५ बारचा फरक असताना मोजलेली आहे. आपल्याकडे मात्र पंपाच्या बाजूला १६० बार आणि रॅम मोकळा उतरत असताना सिलिंडरच्या बाजूला ३५ बार दिसतात, म्हणजे फरक १२५ बार. प्रवाह दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १२५ भागिले ५ म्हणजे २५ आणि त्याचे वर्गमूळ ५. तेव्हा हाच व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर मिनिटाला १६० लिटर सोडू शकतो आणि आपला पंप देतो ३०. डेड बँड १५ टक्के धरला तर उरलेल्या ८५ टक्क्यांपैकी १६ टक्क्यांतच पंपाचे सगळे तेल संपते. ३१ टक्क्यांनंतर व्हॉल्व्हच्या हाती काही उरत नाही, तो एखाद्या मोठ्या नळासारखा नुसता उघडा राहतो. हिशोब ३१ म्हणतो आणि मोजणीत ३३ आले. हा फरक गेजच्या चुकीत जमा केला.

पंपाच्या लिटरइतकाच व्हॉल्व्हचा लिटर घ्यावा, हा नियम चालू-बंद व्हॉल्व्ह निवडताना वर्षानुवर्षे वापरला गेला आहे आणि मीही या वेळी नकळत तोच वापरला. प्रपोर्शनल व्हॉल्व्हची निवड दाबाच्या प्रत्यक्ष फरकावरून करायला हवी होती.

मग लहान स्पूल किती लहान घ्यावा? पहिला विचार ८ लिटरचा होता. तो १२५ बारच्या फरकाला ४० लिटर सोडतो, म्हणजे उतरताना आज्ञेची तीन चतुर्थांश लांबी वापरात येते आणि नियंत्रण अगदी बारीक होते. पण परतीचा हिशोब केल्यावर तो सोडून द्यावा लागला. वर जाताना रॉडच्या बाजूला जेवढे तेल आत जाते त्याच्या दुप्पट तेल पिस्टनच्या बाजूने बाहेर पडावे लागते, आणि दोन्ही कडांवर सुमारे ४९ बारच वाट्याला येतात. ८ लिटरच्या स्पूलने रॅम सेकंदाला ३५ मिमी वेगाने परत जाईल. ३०० मिमीला साडेतीन सेकंद लागत होते तिथे साडेआठ लागतील. दर झाकणामागे पाच सेकंद मालक मान्य करणार नाहीत आणि त्यांनी करूही नयेत. १६ लिटरच्या स्पूलने परतीचा वेग ७१ मिमी पडतो, म्हणजे सव्वाचार सेकंदांच्या आत परत, आणि उतरताना आज्ञा ४७ टक्क्यांपर्यंत कामी येते. वेगाचा पट्टा १६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांचा होतो. १६ लिटरचा स्पूल निश्चित केला. पुरवठादाराने व्हॉल्व्ह बदलून देण्याचे कबूल केले आहे.

१९ जून

नवा व्हॉल्व्ह आला आणि बसवला. सोबत कारखान्याचा चाचणी अहवाल आहे. त्यात डेड बँड दोन्ही दिशांना १५ टक्के दाखवला आहे.

२१ जून

आज डेड बँडची भरपाई प्रोग्रामात घातली. आज्ञा शून्याच्या वर गेली की आउटपुट थेट अधिक १.५ व्होल्टवर, म्हणजे ४१४७ या आकड्यावर उडी घेते आणि पुढचा वेग तिथून मोजला जातो. उलट दिशेला तेच उणे चिन्हाने. अहवालावर विश्वास ठेवून दोन्ही दिशांना एकच आकडा घातला.

रॅम खाली यायला उशीर करू लागला आणि वर जाताना मात्र झटका देऊन निघाला. भरपाई काढून पुन्हा आलेख घेतला, तर हालचाल खाली १७ टक्क्यांना आणि वर १३ टक्क्यांना सुरू झाली. हे आकडे मी ओळखीचे म्हणून लगेच जुन्या पानावर जाऊन पाहिले : १२ जूनलाही हेच होते. दोन वेगवेगळे व्हॉल्व्ह, दोन वेगवेगळे स्पूल, आणि दोघांत तंतोतंत तोच तिरकेपणा. असा दोष व्हॉल्व्हमध्ये असू शकत नाही. तो व्हॉल्व्हच्या बाहेर, दोघांनाही समान असलेल्या एखाद्या ठिकाणी असला पाहिजे.

प्रेसवर अनेक वर्षे काम करणारे ऑपरेटर काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, “भाऊ, व्हॉल्व्ह नवा आला, तार मात्र तीच आहे ना?” रात्री आठ वाजले होते, मोजणी उद्यावर ठेवली.

२२ जून

सकाळी दोन मल्टीमीटर घेतले. एक मॉड्यूलच्या टर्मिनलवर लावला आणि दुसऱ्याचे प्रोब कनेक्टर किंचित उघडून डी आणि ई पिनांवर धरले. शून्य आज्ञेला दोन्हीकडे शून्य. मॉड्यूलवर अधिक ५.०० दिले तर व्हॉल्व्हपाशी ४.६९ आणि उणे ५.०० दिले तर उणे ५.३१. संदेश दोन्ही वेळा ०.३१ व्होल्टने उणे बाजूला सरकत होता.

कारण १० जूनच्या माझ्या जोडणीत आहे. त्या आज्ञेला व्हॉल्व्ह पुरवठ्यातून दीड अँपिअर घेतो आणि हा करंट बी पिनच्या तारेतून पॅनलकडे परततो. १ चौ. मिमीच्या १२ मीटर तारेचा रोध ०.२१ ओहम आहे; दीड अँपिअरला त्यात ०.३१ व्होल्ट पडतात. म्हणजे व्हॉल्व्हकडचा शून्य पॅनलमधल्या शून्यापेक्षा तेवढा वर उचलला जातो, आणि मी ई पिन त्याच उचललेल्या शून्याला बांधली होती. आज्ञा शून्य असताना सोलेनॉइड करंट घेत नाही म्हणून शून्यावरची तपासणी निर्दोष वाटली. हालचाल सुरू होण्याच्या जागी करंट सुमारे ०.९ अँपिअर असतो, तिथे ०.१९ व्होल्ट पडतात. १५ टक्क्यांचे खाली १७ आणि वर १३ का झाले याचा हिशोब इथे पूर्ण जुळला. १३ जूनला गेजच्या नावावर टाकलेले दोन टक्केही याच तारेचे होते.

लोहार चाळीतून शील्ड असलेली पिळाची केबल आणली. डी आणि ई या दोन तारा पिळाच्या एकाच जोडीतून थेट मॉड्यूलच्या टर्मिनलपर्यंत नेल्या, ई चा बी शी असलेला संबंध तोडला, शील्ड फक्त पॅनलच्या बाजूला अर्थ केले. पुरवठ्याची केबल वेगळी ठेवली आणि ती मोटरच्या केबलपासूनही दूर वळवली. दुपारी पुन्हा आलेख घेतला : खाली १५, वर १५. दीडची भरपाई परत घातली आणि रॅम दोन्ही दिशांना सारखाच, न अडखळता निघाला.

२५ जून

रॅमची जागा मोजणारा ट्रान्सड्यूसर ० ते १० व्होल्टचा आहे. तो आधी सीपीयूवरच्या ॲनालॉग इनपुटला जोडला होता. ते इनपुट १० बिटचे असल्याने ३०० मिमीचे १०२४ भाग होतात, म्हणजे एक पायरी ०.२९ मिमीची. जागा दाखवायला हे पुरते, परंतु दर १० मिलिसेकंदांनी त्यावरून वेग काढला तर एका पायरीचा अर्थ सेकंदाला २९ मिमी असा होतो आणि पडद्यावरचा वेग शून्य व २९ यांमध्ये उड्या मारत राहतो. ट्रान्सड्यूसर स्वतंत्र इनपुट मॉड्यूलवर नेला आणि वेग १०० मिलिसेकंदांच्या अंतराने काढला.

वरच्या थांब्यासाठी तयार पीआयडी ब्लॉक, म्हणजे जागेतली चूक पाहून आज्ञा सुधारत राहणारा प्रोग्रामचा भाग, लावून पाहिला. रॅम थांब्याच्या आसपास दोन मिमी वर-खाली डोलत राहिला. इंटिग्रलचा भाग उरलेली चूक साठवत जातो, स्पूल डेड बँड ओलांडतो, रॅम थांब्यापलीकडे जातो आणि तोच खेळ उलट दिशेने सुरू होतो. इंटिग्रल पूर्णपणे काढून टाकला, फक्त चुकीच्या प्रमाणात आज्ञा देणारा प्रपोर्शनल भाग ठेवला आणि चूक अर्ध्या मिमीच्या आत आली की आज्ञा शून्य करून भरपाईही बंद केली. रॅम शांत उभा राहिला. सिलिंडरमध्ये आज्ञेनुसार जागा नव्हे तर वेग बदलतो, आणि जागा ही त्या वेगाची बेरीज असते. एवढा साठवणारा भाग यंत्रातच असताना प्रोग्रामात दुसरा घालण्याची गरज या कामाला नाही, असे माझे मत आहे.

खाली येताना डायच्या वर २० मिमीला रॅम्प सुरू होतो आणि अर्ध्या सेकंदात वेग ४१ वरून ८ वर येतो. यात सुमारे १२ मिमी जातात, बाकीचे ८ मिमी जाड-पातळ पत्र्यासाठी मोकळे ठेवले आहेत. ८ मिमीच्या वेगाला आज्ञा २१ टक्के लागते.

२९ जून

इमर्जन्सी स्टॉपची जोडणी आज पूर्ण केली. ॲनालॉग आउटपुट शून्य करणे म्हणजे प्रेस सुरक्षित करणे नव्हे, ही गोष्ट इलेक्ट्रिशियनला आणि काकांना प्रत्यक्ष दाखवून सांगितली. स्पूल मध्यभागी आला तरी कडांमधून तेल झिरपत असते, आणि स्पूल अडकला तर शून्य आज्ञेचा काहीच उपयोग नसतो. बटण दाबले की व्हॉल्व्हचा पुरवठा सुरक्षा रिलेमार्फत तुटतो आणि पंपाच्या वाटेवरचा वेगळा व्हॉल्व्ह दाब टाकीत सोडतो. रॅम काउंटरबॅलन्सवर उभा राहतो. डाय बदलताना मात्र रॅमखाली लाकडी नव्हे तर लोखंडी ठोकळा लावल्याशिवाय कोणीही हात घालायचा नाही, असे पत्र्यावर रंगवून समोर लावले आहे. स्पूलची जागा आज्ञेपासून पाव सेकंदाहून जास्त काळ ५ टक्क्यांनी दूर राहिली तरी प्रेस हाच मार्ग घेतो. आज्ञेची एक तार मुद्दाम सोडवून ही चाचणी तीनदा घेतली, तिन्ही वेळा प्रेस थांबला.

१४ जुलै

दोन आठवड्यांच्या उत्पादनानंतर आज पुन्हा गेलो. गाळ्याबाहेर गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी होते, आत हवा ओली होती. व्हॉल्व्हचा कनेक्टर उघडून पाहिला, पिना कोरड्या आहेत, ग्लँड आणखी अर्धा आटा घट्ट केला. डी आणि ई वरचे व्होल्टेज मॉड्यूलशी दोन्ही दिशांना जुळते. तेल दुपारी ५३ अंश. फिल्टरचा दर्शक हिरव्यातच आहे.

पंधरा दिवसांपूर्वीची आणि आजची दहा-दहा झाकणे काकांनी शेजारी मांडून ठेवली होती. आजच्या झाकणांपैकी एकाच्याच काठावर हलकी सुरकुती आहे, आणि ते झाकण पत्र्याच्या गुंडाळीच्या शेवटच्या तुकड्यातले असल्याचे त्यांनी सांगितले. एका झाकणाला पूर्वीपेक्षा किती वेळ लागतो हे मालकांनी स्वतः घड्याळ लावून मोजले : दोन सेकंद जास्त. त्यातला बराचसा वेळ शेवटच्या २० मिमीचा आहे. मालकांनी तो मान्य केला.

निघण्यापूर्वी होजजवळ वाकून पाहिले. ३ जूनला अँगलवर दिलेला रंग जसाच्या तसा आहे. त्यावर बोट फिरवल्यावर फक्त धूळ लागली.